सल्ला हवा: दुकानातला क्रोम सोडू का? कन्नड पानांचं मराठी भाषांतरही लागतं

मलप्रभाकाठ, खानापूर

नमस्कार मंडळी. खानापुरात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. उतारे, जात-उत्पन्नाच्या दाखल्याचे अर्ज, पोरांच्या स्कॉलरशिपा, वीजबिलं, सगळं एकाच कॉम्प्युटरवर चालतं. विंडोज १०, रॅम ४ जीबी, साधी हार्ड डिस्क. दुकान उघडल्यापासून क्रोमच आहे आणि तो बदलावा असं कधी मनातही आलं नव्हतं.

आता आलंय. जाहिराती अडवणारं माझं यूब्लॉक ओरिजिन क्रोमनं बंद करून टाकलं. परत चालू करायला बघितलं, जमलं नाही, आणि कामाच्या गडबडीत ते तसंच राहिलं. त्यानंतर पंधरा दिवसांत नंदगडच्या एक मावशी लेकाच्या पासपोर्टसाठी आल्या. दुकानात आणखी चार माणसं खोळंबली होती. मी शोधलं, सगळ्यात वर आलेली साइट उघडली. तिरंग्याचे रंग, सरकारी वाटावं असं चिन्ह, अर्जातले रकानेही तसेच. नाव, जन्मतारीख, पत्ता भरला, पैसे भरले. पावती आली तेव्हा साइटच्या पत्त्याकडे नीट बघितलं, तर शेवटी जीओव्ही डॉट इन नव्हतंच. वर दिसलेली ती ओळ म्हणजे जाहिरात होती. मावशींचे पैसे मी माझ्या गल्ल्यातून परत दिले. पण पोराची माहिती कुणाच्या हातात गेली, ती कशी परत आणायची? त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

म्हणून विचारते. फायरफॉक्स घेऊ, ब्रेव्ह घेऊ की एज? एक मोठी अडचण आहे. मला कन्नड बोलता येतं, पण भराभर वाचता येत नाही, शाळा सगळी मराठीतून झाली. क्रोममध्ये सरकारी पान एका क्लिकवर मराठीत होतं आणि माझं निम्मं काम त्यावरच आहे. दुसऱ्या ब्राउजरमध्ये हे जमतं का?

तिसरं_गेट, टिळकवाडी

अक्का, पहिलं हे की तुमच्या हातून काही बिघडलेलं नाही. गुगलनं एक्स्टेन्शनचे, म्हणजे यूब्लॉकसारख्या ब्राउजरला वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमचे, नियमच बदलले. जुन्या पद्धतीत (मॅनिफेस्ट व्ही टू म्हणतात तिला) पानावरून बाहेर जाणारी प्रत्येक मागणी एक्स्टेन्शनला दिसायची, आणि ही जाऊ दे, ही अडव, असं ते जागच्या जागी ठरवायचं. व्ही थ्रीमध्ये एक्स्टेन्शननं नियमांची यादी आधीच ब्राउजरकडे देऊन ठेवायची आणि अडवायचं काम ब्राउजरनं करायचं. यूब्लॉक ओरिजिन जुन्या पद्धतीवर बांधलेलं आहे. २०२४ च्या अखेरीपासून क्रोमनं अशी एक्स्टेन्शन्स टप्प्याटप्प्यानं बंद केली आणि २०२५ मध्ये तो दरवाजा पूर्ण लावला. त्याच लोकांचं यूब्लॉक ओरिजिन लाइट क्रोमला चालतं. रोजच्या जाहिराती त्यानंही जातात, पण मूळ यूब्लॉकची ताकद त्यात नाही.

आता बदलायचंच म्हटलं, तर एक गोष्ट ध्यानात घ्या. एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी, ही सगळी क्रोमियमवरचीच, म्हणजे क्रोमचा जो पाया तोच यांचा. एजसुद्धा जानेवारी २०२० पासून. पाट्या वेगळ्या, भट्टी एकच. फायरफॉक्सचं इंजिन (पान उघडून दाखवणारा आतला भाग) मात्र स्वतःचं आहे, गेको, आणि त्यात मूळ यूब्लॉक ओरिजिन आजही पूर्ण चालतं. ब्रेव्हमध्ये जाहिराती अडवायची सोय आतच बांधलेली आहे, त्यामुळे एक्स्टेन्शनच्या नियमांचा तिला त्रास नाही. त्यातलं क्रिप्टोचं वॉलेट आणि रिवॉर्ड्स तेवढे सेटिंगमध्ये जाऊन बंद करावे लागतात.

माझं मत विचाराल तर फायरफॉक्स. मी वापरतो म्हणून नव्हे. सगळं जग एकाच इंजिनावर गेलं तर कुठलं एक्स्टेन्शन चालावं हेही एकच कंपनी ठरवणार, आणि ते कसं असतं ते तुम्ही आत्ताच भोगलंय. फायरफॉक्सचा बराचसा खर्चही गुगलकडून मिळणाऱ्या सर्चच्या पैशावरच चालतो, हे मला माहीत आहे. तरी पर्याय जिवंत राहावा असं मनापासून वाटतं.

वेदगंगा, निपाणी

माझंही असंच दुकान आहे, म्हणून अनुभवाचं सांगतो. मी मागच्या वर्षी अख्खं दुकान फायरफॉक्सवर नेलं आणि दोन आठवड्यांत परत आलो. अडलं ते अंगठ्याच्या मशीनवर. त्या मशीनची आरडी सर्व्हिस, म्हणजे मशीन चालवणारा प्रोग्रॅम, तुमच्याच कॉम्प्युटरवर चालत असते आणि ब्राउजर तिच्याशी आतल्या आत बोलतो. डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचंही तसंच. क्रोम आणि एज विंडोजमधली प्रमाणपत्रं (समोरचा खरा आहे हे ओळखायच्या डिजिटल खुणा) सरळ घेतात, फायरफॉक्सचा प्रमाणपत्रांचा साठा वेगळा असतो. नव्या आवृत्त्यांत तो विंडोजकडचीही घेतो, पण माझ्याकडं एका मशीनला काही केल्या जमलं नाही. बाहेर आठ-दहा माणसं, त्यात दोन म्हाताऱ्या, आणि मी आत सेटिंग शोधतोय. तशा वेळी कुठला ब्राउजर चांगला हा वाद सुचत नाही. अंगठ्याचं काम करत असाल तर क्रोम काढून टाकू नका, एवढंच.

आणि ताई, तुमचा पासपोर्टचा घोटाळा नुसता ब्राउजर बदलून थांबणार नाही. मूळ चूक शोधण्यात आहे. दुकानात लागणाऱ्या सरकारी साइट मोजून वीस-पंचवीस असतील. एक दुपार बसा, प्रत्येकीचा पत्ता हातानं टाइप करून खात्री करा, बुकमार्क करून पट्टीवर लावा. मी कामानुसार फोल्डर केलेत: जमीन, दाखले, शिक्षण, पासपोर्ट-पॅन. दुकानातल्या पोराला सक्त सांगून ठेवलंय, सरकारी साइट सर्च करून उघडायची नाही म्हणजे नाही.

पुन्हा असं काही झालं, तर त्याच मिनिटाला १९३० ला फोन लावा. सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय नंबर आहे. पैसे पुढं सरकायच्या आत अडवायचे तर त्यात वेळच सगळ्यात महत्त्वाचा.

हिरण्यकेशी, संकेश्वर

आमच्या मामांचा कॉम्प्युटर अजून विंडोज ७ चा आहे. त्याच्यावर क्रोम १०९ वरच अडकलाय. त्याला कुठला टाकू?

तिसरं_गेट, टिळकवाडी

विंडोज ७ आणि ८.१ साठी क्रोमची १०९ हीच शेवटची आवृत्ती, फेब्रुवारी २०२३ मध्ये ११० आली तेव्हापासून ते बंद. फायरफॉक्सची ११५ ईएसआर (जास्त दिवस दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती) विंडोज ७ वर चालते आणि तिच्या सुरक्षा दुरुस्त्यांची मुदत त्यांनी अनेकदा वाढवली, पण ती कायमची नव्हे. मामांना बातम्या-भजनं एवढंच बघायचं असेल तर ती टाका, बँकेचं काम मात्र त्या कॉम्प्युटरवर नको. आणि मलप्रभाकाठ अक्का, तुमच्या विंडोज १० चा सपोर्टसुद्धा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, ते विसरू नका. जमलं तर साधी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, घाला. ४ जीबीवर कुठलाही ब्राउजर घेतलात तरी दहा टॅब उघडले की दम लागणारच. वेग पाहिजे असेल तर आधी डिस्क.

वडगावची_सून, बेळगाव

मी एका वकिलांकडे कन्नड कागदांचं मराठी करून देते, म्हणून भाषांतराचं मी बोलते. ते वरच्या वर सुटण्यासारखं नाही.

एका क्लिकवर अख्खं पान कन्नडमधून मराठीत क्रोम करतो, तसं एजही करतो, कारण मायक्रोसॉफ्टच्या भाषांतरात दोन्ही भाषा आहेत. तेव्हा त्यासाठी क्रोमच पाहिजे असं नाही. फायरफॉक्सचं भाषांतर वेगळ्या जातीचं. २०२३ च्या ११८ व्या आवृत्तीपासून ते कॉम्प्युटरवरच होतं, मजकूर बाहेर पाठवला जात नाही. ही फार मोलाची गोष्ट आहे, कारण क्रोममध्ये भाषांतराचं बटण दाबलं की पानावरचा मजकूर गुगलकडे जातो. गिऱ्हाइकाचं नाव, सर्व्हे नंबर, सगळं. पण कन्नड-मराठीचं रोजचं काम मी अजून फायरफॉक्सवर नेलेलं नाही. त्यात टीडब्ल्यूपी नावाचं पान भाषांतर करणारं एक्स्टेन्शन घालता येतं, पण तेही गुगल किंवा बिंगकडेच मजकूर पाठवतं. मग फरक काय राहिला?

आता खरं सांगायचं ते. एक उतारा माझ्यासमोर आला. मालकाचं आडनाव कम्मार. कन्नडमध्ये कम्मार म्हणजे लोहार. भाषांतर केलेल्या पानाची तशीच प्रिंट काढली होती आणि त्यावर नाव आलं होतं लोहार. बडिगेरचं सुतार झालेलंही मी पाहिलंय. जमिनीतल्या खराबचं (लागवडीला न येणाऱ्या भागाचं) ‘वाईट’ झालेलं पाहिलंय, म्हणजे पोटखराब दोन गुंठे लिहिलेलं माणूस ‘वाईट दोन गुंठे’ असं वाचणार. त्या कम्मारांच्या घरात आधीच भावाभावांत वाटणीची केस चालू होती. तो मराठी कागद हातात घेऊन धाकटा भाऊ विचारत होता, आमच्या जमिनीत हा लोहार कोण घुसला?

म्हणून अक्का, भाषांतर समजून घेण्यापुरतंच. प्रिंट काढायच्या आधी पत्त्याच्या पट्टीतल्या भाषांतराच्या चिन्हावर जाऊन पान परत कन्नडमध्ये आणायचं, मगच प्रिंट.

आणि थोडं कन्नड वाचायला शिकाच. तुम्हाला बोलता येतं म्हणजे निम्मी वाट सरलीय. उताऱ्यातले निम्मे शब्द आपलेच आहेत: खाते, आकार, खराब, ऋण, एकर, गुंटे. रकाना ९ मध्ये मालक, ११ मध्ये बोजा, १२ मध्ये कसणारा. एवढं ध्यानात असलं की भाषांतर न करताही उतारा वाचता येतो.

कित्तूर_रस्ता, बैलहोंगल

सगळे भाषांतरावर आणि जाहिरातींवर बोलले, पण दुकानाच्या कॉम्प्युटरवर सगळ्यात मोठा धोका पासवर्डचा आहे. आमच्या गावातल्या एका सेंटरवर मी माझ्या स्कॉलरशिपसाठी गेलो होतो. ईमेलच्या रकान्यात पहिलं अक्षर टाइप केलं आणि खाली सात-आठ जणांचे ईमेल उघडले. त्यातली एक माझ्या वर्गातली मुलगी. पासवर्डसुद्धा सेव्ह होता, नुसतं एंटर मारायचं बाकी होतं. मी गप्प बसलो नाही, तिथल्या दादांना दाखवलं आणि ते पुसायला लावलं.

गिऱ्हाइकाचं लॉगिन असलेलं काम क्रोमच्या गेस्ट विंडोमध्ये, म्हणजे पाहुण्यासाठीच्या तात्पुरत्या खिडकीत, करा. बंद केली की इतिहास, कुकीज, लॉगिन सगळं जातं. पण डाउनलोड केलेल्या फायली जात नाहीत, त्या फोल्डरमध्येच राहतात. लोकांचे आधार, मार्कशीटा. रोज संध्याकाळी शटर ओढायच्या आधी तो फोल्डर रिकामा करा, रिसायकल बिनही. आणि गेस्टमध्ये एक्स्टेन्शन चालत नाहीत, त्यामुळे तिथं जाहिरात अडवणारं काही नसेल हे धरून चला. वेदगंगा दादांची बुकमार्कची गोष्ट म्हणूनच पटते. गेस्टमध्ये तुमचे बुकमार्क दिसणार नाहीत, तेव्हा पत्ते एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून मॉनिटरशेजारी चिकटवा.

मलप्रभाकाठ, खानापूर

तीन आठवड्यांनी लिहिते. तुम्ही सगळ्यांनी एवढं मनावर घेऊन सांगितलंत, म्हणून काय केलं ते सांगणं माझं काम आहे.

क्रोम काढला नाही. तो आता फक्त सरकारी कन्नड पानांसाठी आणि अंगठ्याच्या मशीनसाठी. त्यात यूब्लॉक ओरिजिन लाइट घातलंय, बुकमार्कची पट्टी केलीय, पासवर्ड सेव्ह करायची विचारणा सेटिंगमधून बंद केलीय. सेव्ह झालेले पासवर्ड उघडून बघितले तर ४३ निघाले. माझे त्यातले पाच. बाकीचे अडतीस गावोगावच्या लोकांचे. एकेक नाव वाचत पुसले. काही जण ओळखीचे होते, त्यांना फोन करून पासवर्ड बदला म्हणून सांगितलं. माझे पाच सीएसव्ही फाइलमधून (साध्या यादीची फाइल) फायरफॉक्समध्ये नेले. त्या फाइलमध्ये पासवर्ड उघडे, साध्या अक्षरांत दिसतात. काम झाल्याबरोबर ती फाइल डिलीट केली आणि बिनही रिकामा केला. कुणी असं करणार असाल तर ही पायरी चुकवू नका.

बाकी सगळं शोधणं, वाचणं, पेपर, रेल्वेच्या वेळा फायरफॉक्सवर, यूब्लॉक ओरिजिनसकट. पासपोर्ट हा शब्द त्यात मुद्दाम शोधून बघितला. वरच्या जाहिराती नाहीत, पहिलीच ओळ खऱ्या साइटची. दोन ब्राउजर एकदम उघडले की कॉम्प्युटर जड होतो, म्हणून एक बंद करून दुसरा उघडते. एसएसडीचे पैसे गणपतीपर्यंत जमतील.

मावशींच्या लेकाचा अर्ज मी स्वतः परत भरला, यावेळी खऱ्या साइटवर. बेळगावच्या पोस्टातल्या केंद्राची तारीख मिळालीय. वडगावच्या ताई, रकाने पाठ झालेत, ९, ११, १२ नजरेला पटकन सापडतात. पण जोडाक्षरात दुसरं अक्षर खाली लटकतं तिथं मी अजून अडखळते. त्यासाठी काय करू?

वडगावची_सून, बेळगाव

रोज एक उतारा घ्या, आधी कन्नडमध्ये मोठ्यानं वाचा, मग भाषांतर दाबून ताडून बघा. खाली लटकणाऱ्या अक्षरांचा एक तक्ता मी हातानं लिहून ठेवलाय, उद्या त्याचा फोटो इथंच टाकते.