साईन वेव्ह आणि तारकर्लीचा होमस्टे

होमस्टेची पुढच्या वर्षाची महिनावार कमाई आधीच कशी अंदाजायची, या प्रश्नावर एकाने बारा महिन्यांच्या कमाईतनं सरळ रेघ काढायला सांगितलंय नि दुसऱ्याने साईन वेव्ह (ठरावीक अंतराने सारखीच वरखाली होणारी लाट) बसवायला. रेघेचं सोडा, पण साईनवाल्यांनी जरा थांबा.

आमच्या ४ खोल्या आहेत तारकर्लीला. समजा वर्षाचे ६ लाख, म्हणजे महिन्याची सरासरी ५० हजार, आणि मे महिन्यात दीड लाख. आता बारा महिन्यांची एकच लाट मे मध्ये शिखर धरून बसवली तर तळ येणार बरोब्बर ६ महिन्यांनी, नोव्हेंबरात, आणि तोही उणे ५० हजार! म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत पाहुणे येणार नि वर आपणच त्यांना पैसे देणार 😄 खरा तळ जुलैत असतो, तेव्हा समुद्र खवळलेला, मासेमारी बंद (१ जून ते ३१ जुलै), खोल्यांना बुरशी.

त्यापेक्षा महिन्याची कमाई भागिले सरासरी करा. मे चा आकडा ३, जुलै ५ हजार धरला तर ०.१. तीनचार वर्षांचे असे आकडे काढून त्यांची सरासरी घ्या आणि पुढच्या वर्षाच्या अंदाजे महिना-सरासरीला गुणा, एक्सेलमध्ये दहा मिनिटांचं काम.

फक्त एक गोची आहे, दिवाळी सरकते. २०२५ ला ऑक्टोबरात होती, २०२६ ला अधिक ज्येष्ठामुळे नोव्हेंबरात. त्यामुळे मी दिवाळीचा आठवडा महिन्यातनं काढून वेगळाच धरतो, नाहीतर २०२५ चा ऑक्टोबर बघून आपण उगाच नवीन गाद्या घेऊन बसायचो.