मोबाइलची रेंज नसलेल्या डोंगरात मेशटॅस्टिकची सुरुवात कशी करावी?

प्रश्न: हरिश्चंद्रगडाच्या वाटांवर आमच्या गटातील पुढे-मागे चालणाऱ्यांचा संपर्क तुटू नये म्हणून लोरा रेडिओ (कमी विजेवर दूरवर छोटे संदेश पाठवणारी उपकरणे) घेऊन त्यांवर मेशटॅस्टिक ही संदेश एका उपकरणाकडून दुसऱ्याकडे पुढे पोहोचवणारी मुक्त प्रणाली वापरण्याचा विचार आहे. सुरुवात कशी करावी?

उत्तर १: किमान दोन उपकरणे घ्यावीत; एकटे उपकरण बोलणार कोणाशी? भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवान्याविना वापरता येत असल्याने उपकरण व अँटेना त्याच पट्ट्याची निवडावी आणि मेशटॅस्टिकच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये प्रदेश म्हणून भारत नोंदवावा. अँटेना जोडल्याशिवाय उपकरण सुरू करू नये, कारण त्यातील प्रक्षेपक (ट्रान्समीटर) जळू शकतो.

उत्तर २: माझ्या मते महागड्या अँटेनापेक्षा उंची मोलाची. मध्ये कातळकडा आला की संदेश अडतो, म्हणून एक उपकरण माथ्यावर ठेवावे.

प्रश्नकर्ता: आवाज पाठवता येतो का?

उत्तर १: नाही, केवळ छोटा मजकूर आणि स्थान.