प्रिंटर इन्स्टॉल होत नाहीये, माझा पासवर्ड घेत नाही, अर्जंट मदत हवी

सुमेधा_क: नमस्कार मंडळी, नवीन प्रिंटर आणलाय, सेटअपवर क्लिक केलं की स्क्रीन काळपट होते आणि पासवर्ड मागतो, माझा टाकला की चुकीचा म्हणतो. त्याच पासवर्डने रोज लॉगिन करते हो! उद्या सकाळी मुलीचे फॉर्म द्यायचेत, प्लीज लवकर सांगा.

दर्याकिनारी: विंडोज कुठलं? लॅपटॉप घरचा की ऑफिसचा?

सुमेधा_क: घरचा, विंडोज ११. पण त्याचा काय संबंध, पासवर्ड का घेत नाही ते सांगा ना

निवृत्त_मास्तर: इंकजेट असेल तर बदलून लेझर घ्या. कमी वापर असला की शाई सुकते, आमची दोन काडतुसं वाया गेली.

रातराणी: त्या चौकटीत नाव कुणाचं दिसतंय?

सुमेधा_क: भाच्याचं. त्यानेच लॅपटॉप चालू करून दिला होता.

रातराणी: मग तेच. सेटअप करताना बनलेलं पहिलं खातं ॲडमिन, म्हणजे मशीनवर सगळे हक्क असलेलं असतं, ते त्याचं. तुमचं नंतरचं, स्टँडर्ड, म्हणजे मर्यादित हक्कांचं. त्यात स्वतःच्या फाइली, वॉलपेपर, अगदी टाइम झोनसुद्धा बदलता येतो, पण ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा प्रोग्राम) अख्ख्या मशीनसाठी बसतो ना, त्याला ॲडमिनचाच पासवर्ड लागतो. भाच्याला विचारा.

खटपट्या: दरवेळी कोण विचारत बसणार? भाच्याच्या खात्यातून सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स, तिथे चेंज अकाउंट टाइप, तुमचं खातं ॲडमिन करून घ्या आणि यूएसी (ती परवानगी विचारणारी चौकट) बंद करून टाका. मी कायम असंच वापरतो.

रातराणी: यूएसी अजिबात बंद करू नका!! विंडोज व्हिस्टापासून ॲडमिनने उघडलेला प्रोग्रामही साध्या हक्कांनीच चालतो, येस दाबलं तरच जास्तीचे मिळतात. ते बंद केलं की मेलमधून आलेली भलतीसलती फाइलसुद्धा न विचारता सगळीकडे हात घालणार. रोजच्या वापराला स्टँडर्डच बरं.

पेंग्विनप्रेमी: विंडोजऐवजी उबंटू टाका, सुडो (ॲडमिनच्या हक्कांनी काम करून देणारी कमांड) केलं की काम झालं.

दर्याकिनारी: अहो, त्यांना उद्या फॉर्म द्यायचेत. ताई, प्रिंटरला वायफाय आहे का?

सुमेधा_क: आहे. भाचा फोन उचलत नाहीये

दर्याकिनारी: मग पीडीएफ मोबाइलवर घ्या आणि प्रिंटरच्या ॲपमधून काढा, लॅपटॉप लागतच नाही.

सुमेधा_क: निघाले!! खूप खूप आभार. लॅपटॉपचं भाचा आला की बघते.

आंबेमोहर: माझ्याकडे पासवर्डची चौकटच येत नाही, नुसतं येस राखाडी दिसतं, दाबताच येत नाही. काय करू?

रातराणी: म्हणजे मशीनवर चालू असलेलं एकही ॲडमिन खातं उरलेलं नसणार. खाती कुणी बदलली होती का? वेगळा धागा काढा, विंडोज कुठलं तेही लिहा.