जॉर्जियातील सीबीडी तेल: राज्याचे कार्ड, दुकानातील बाटली आणि डॉक्टरांची चिठ्ठी

रानजाई:
आम्ही अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, अटलांटाजवळ राहतो. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला लेनॉक्स-गॅस्टो सिंड्रोम (लहानपणी सुरू होणारा तीव्र अपस्मार) आहे आणि व्हॅल्प्रोएट व क्लोबाझाम ही औषधे चालू असूनही आकडी थांबत नाही. डॉक्टर एपिडायोलेक्स हे सीबीडीचे (गांजाच्या झाडातील नशा न आणणाऱ्या घटकाचे) औषध सुरू करू म्हणतात. दुकानात मिळणारे सीबीडी तेल म्हणजे तेच, असे शेजारीण सांगते. आणि एका परिचित कुटुंबाकडे गांजाचे औषधी तेल बाळगण्यासाठी रुग्णांना मिळणारे राज्याचे कार्ड आहे. कायद्याच्या दृष्टीने या तिन्हींत नेमका काय फरक आहे? डिसेंबरमध्ये पुण्याला जायचे आहे, तेव्हा हे सोबत नेता येईल का?

केळफूल:
मी औषधनिर्माणशास्त्रात काम करते. आपण विचारलेल्या तिन्ही गोष्टी तीन वेगळ्या कायद्यांखाली येतात. एपिडायोलेक्सला एफडीएने (अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने) जून 2018 मध्ये मान्यता दिली आणि एप्रिल 2020 मध्ये ते नियंत्रित पदार्थांच्या यादीतून वगळले गेले, त्यामुळे ते आता इतर औषधांप्रमाणेच चिठ्ठीवर मिळते. दुकानातील तेलाचा आधार आहे डिसेंबर 2018 चा केंद्रीय शेती कायदा. कोरड्या वजनाच्या 0.3 टक्क्यांहून अधिक डेल्टा-9 टीएचसी (नशा आणणारा घटक) नसलेले हेम्प, म्हणजे गांजाच्याच जातीचे झाड, त्या कायद्याने गांजाच्या व्याख्येतून बाहेर काढले. मात्र बाटलीत लेबलाइतके सीबीडी खरोखर आहे याची हमी त्याने दिलेली नाही, आणि एफडीएच्या तपासण्यांत अशी तफावत आढळलेली आहे. ज्या मुलाची मात्रा वजनावर मिलिग्रॅममध्ये ठरते, त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे. शिवाय सीबीडी आणि व्हॅल्प्रोएट एकत्र दिल्यास यकृतातील एन्झाइम वाढू शकतात आणि क्लोबाझामसोबत गुंगी वाढते, म्हणून रक्ततपासणीशिवाय घरच्या घरी कोणतेही तेल सुरू करू नये, अशी कळकळीची विनंती आहे.

जुना जॉर्जियाकर:
कार्डाविषयी मी लिहितो, कारण ते दिवस आम्ही काढले आहेत. गव्हर्नर नेथन डील यांनी एप्रिल 2015 मध्ये सही केलेल्या कायद्याने कर्करोग, आकडीचे विकार, पार्किन्सन अशा आठ आजारांच्या नोंदणीकृत रुग्णांना 5 टक्क्यांपर्यंत टीएचसी आणि किमान तितकेच सीबीडी असलेले तेल 20 फ्लुइड औंसांपर्यंत जवळ बाळगण्याची मुभा दिली. परंतु ते तेल राज्यात तयार करण्याची किंवा विकण्याची कोणतीही तरतूद त्यात नव्हती, आणि दुसऱ्या राज्यातून आणणे केंद्रीय कायद्याने गुन्हा होता. 2016 मध्ये माझ्या मुलीचे कार्ड आले, त्या दिवशी आम्ही नवरा-बायको स्वयंपाकघरातील टेबलाशी बसून ते कार्ड नुसते पाहत राहिलो. आजारी मुलांच्या आईबापांना सरकारने परवानगी द्यावी आणि वाट मात्र बंद ठेवावी, याचे मला आजही दुःख होते. 2019 मध्ये लागवड व विक्रीचा कायदा झाला, मग परवान्यांवरून नाकारलेल्या कंपन्यांचे आक्षेप सुरू झाले, आणि पहिली दुकाने एप्रिल 2023 मध्ये उघडली. म्हणजे आठ वर्षे! माझ्या मते आपल्या मुलासाठी डॉक्टरांनी सुचवलेला मार्गच आधी पूर्ण अजमावावा. त्याने आकडी आटोक्यात आली नाही, तर कार्डाचा विचार त्यांच्याशी बोलूनच करावा.

सह्याद्री:
पुण्याबद्दल: कार्डावरचे तेल कृपया नेऊ नका. जॉर्जियाचे कार्ड जॉर्जियाबाहेर संरक्षण देत नाही, विमानतळावर केंद्रीय कायदा लागू होतो, आणि भारतात 1985 चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायदा आहे. त्या कायद्यातील गांजाच्या व्याख्येतून बिया व पाने वगळली आहेत, तीही फुलोऱ्यासोबत नसतील तरच; टीएचसीयुक्त अर्काला त्यात सूट नाही. एपिडायोलेक्स न्यायचे असल्यास अटलांटातील भारतीय वाणिज्य दूतावासाला आताच लेखी विचारा आणि उत्तर आल्याशिवाय तिकिटे पक्की करू नका.

रानजाई:
मनापासून आभार. दूतावासाला आज पत्र लिहिते. केळफूलताई, पुण्यात औषध नेता येणार नसेल, तर ते सुरू करणेच जानेवारीपर्यंत लांबवावे का?

केळफूल:
तो निर्णय आपल्या न्यूरॉलॉजिस्टचा. एवढे मात्र त्यांना आवर्जून सांगा की सुरू केलेले औषध प्रवासात एकदम बंद पडण्याची शक्यता आहे, कारण अचानक थांबवल्यास आकडी वाढू शकते.