अवरक्तात (इन्फ्रारेडमध्ये) काहीच दिसत नाही, मग त्या रेडिओ स्रोताला दूरची दीर्घिका म्हणायचं का?

खोडदकर
विज्ञान दिनाला खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण पाहून आलो. 45 मीटर व्यासाच्या अँटेनाखाली उभा होतो. तारांची जाळी इतकी विरळ की आरपार आभाळ दिसतं. अशा 30 अँटेनांनी 150 मेगाहर्ट्‌झवर केलेल्या टीजीएसएस सर्वेक्षणात 6 लाखांहून जास्त रेडिओ स्रोत नोंदले गेले. पण नकाशावरचा ठिपका तो स्रोत किती लांब आहे ते सांगत नाही. त्यासाठी त्यामागची दीर्घिका दिसावी लागते, तिचा वर्णपट मिळावा लागतो. जिथे अवरक्त दुर्बिणीलाही काही दिसलं नाही, तिथे ‘अतिदूरची दीर्घिका’ म्हणायची घाई का? न दिसणं हा पुरावा नव्हे.

ध्रुवमत्स्य
साफ असहमत. 2006 साली रे नॉरिस आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या रेडिओ दुर्बिणीचा नकाशा स्पिट्झर या अवरक्त अवकाश दुर्बिणीच्या चित्रांशी ताडून पाहिला, तेव्हा 22 स्रोतांच्या जागी 3.6 मायक्रॉन तरंगलांबीवर काहीच नव्हतं. स्पिट्झरचा आरसा फक्त 85 सेंटिमीटरचा, पण अवकाशात आणि गार केलेला. जवळपासची नेहमीची रेडिओ दीर्घिका त्याच्या नजरेतून सुटणं अवघड. ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणाने प्रकाश किती ताणला गेला त्याचं माप; जितकी जास्त तितकी दीर्घिका दूर) 3 असेल तर ताऱ्यांचा 0.9 मायक्रॉनचा प्रकाश ताणला जाऊन नेमका 3.6 वर येतो. तिथेही अंधार असेल, तर दीर्घिका फार दूर आहे किंवा धुळीत बुडालेली आहे. दोन्ही गोष्टी मोलाच्याच.
पुढे 2014 मध्ये वाइज या अवरक्त अवकाश दुर्बिणीच्या नोंदींतून अशाच जातीचे 1317 स्रोत निवडले गेले. त्यातल्या ज्या थोड्यांची ताम्रसृती मोजलेली होती, ती बहुतेकांची 2 ते 3 च्या दरम्यान निघाली.

खोडदकर
@ध्रुवमत्स्य, ते 1317 वाइजला मंद का होईना, दिसलेले आहेत. वर्णपट मिळाले तेही त्यातल्या त्यात ठळक वस्तूंचे. त्यावरून न दिसलेल्यांबद्दल बोलणं म्हणजे उजेडात सापडलेल्या चाव्यांवरून अंधारातलं कुलूप ओळखणं.

कॉन्टूर
तुम्ही दोघं पुढच्या पायरीवर भांडताय. ‘काही दिसत नाही’ म्हणजे नेमकं कुठे दिसत नाही?
गेल्या आठवड्यात अ‍ॅलाडिन या नकाशे एकमेकांवर ठेवून पाहायच्या सॉफ्टवेअरवर एका टीजीएसएस स्रोताच्या समोच्च (सारख्या तेजाच्या) रेषा वाइजच्या चित्रावर टाकून बसले होते. टीजीएसएसची नजर साधारण 25 आर्कसेकंदांची (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग; त्याहून बारीक तपशील वेगळा दिसत नाही), त्यामुळे एकाच वेटोळ्यात तीन ठिपके! सगळ्यात ठळक तो गाया या तारे मोजणाऱ्या अवकाश दुर्बिणीच्या नोंदीत सरळ आपल्याच आकाशगंगेतला तारा निघाला. मग फर्स्ट या दुसऱ्या रेडिओ सर्वेक्षणाच्या 5 आर्कसेकंदांच्या नकाशावर तोच स्रोत पाहिला, तर दोन पाळ्या (दोन बाजूंचे रेडिओ फुगवटे) आणि मधे रिकामी जागा. त्या रिकाम्या जागेत, बरोबर मध्यावर, एक फिकट चौथा ठिपका होता. माझ्या मते दीर्घिका असेल तर तीच.
सिग्नस ए हा प्रसिद्ध रेडिओ स्रोत असाच आहे. रेडिओचा जोर दोन्ही टोकांना आणि दीर्घिका मधे. 1954 मध्ये बाडे आणि मिंकोव्स्कींनी ती पालोमार वेधशाळेच्या चित्रांतून ओळखली. पाळीपाशी शोधत बसाल तर काहीच सापडणार नाही, आणि त्यालाच तुम्ही ‘अवरक्तात अदृश्य’ म्हणाल.

ध्रुवमत्स्य
@कॉन्टूर, मुद्दा मान्य, जागा आधी पक्की हवी. पण जीएमआरटीचंच उदाहरण घ्या: टीजीएसएस जे1530+1049. रेडिओ वर्णपट तीव्र उताराचा (वारंवारता वाढली की तेज झपाट्याने घटतं), स्रोत आटोपशीर, आणि दृश्य-अवरक्त सर्वेक्षणांत त्या जागी काही नाही, म्हणूनच तो निवडला गेला. 2018 मध्ये जेमिनी दुर्बिणीच्या वर्णपटावरून त्याची ताम्रसृती 5.72 जाहीर झाली. न दिसण्याला किंमत दिली नसती तर लाखो स्रोतांतून याच्याकडे कोण वळलं असतं?

खोडदकर
निवडीला माझा विरोध नाहीच, शिक्का मारण्याला आहे. 5.72 हा आकडा एकाच उत्सर्जन रेषेवर उभा होता. एकच रेषा कुठल्या मूलद्रव्याची हे चुकलं की अंतर पार बदलतं. वेब अवकाश दुर्बिणीचा 6.5 मीटरचा आरसा अवरक्तात हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेषा सोबत दाखवू शकतो. दोन रेषा जुळेपर्यंत यादीत ‘उमेदवार’ एवढंच लिहावं.

कॉन्टूर
आणि त्या ‘उमेदवार’पुढे जागेतली चूक किती आर्कसेकंदांची, तेही लिहावं. माझ्या चौथ्या ठिपक्यापुढे मी तेच लिहून ठेवलंय.