अनुभव धागा: गर्दीच्या वाटेवर नसलेली स्टेट पार्क

यलोस्टोन, योसेमिटी, ग्रँड कॅन्यनबद्दल मराठीत भरपूर लिहून झालंय. पण अमेरिकेतल्या प्रत्येक राज्याची स्वतःची स्टेट पार्क असतात. त्यांतली कितीतरी आपल्या घरापासून दोन-तीन तासांवर असूनही आपल्या यादीत कधी येत नाहीत. हा धागा त्यांच्यासाठी. प्रवासवर्णन नको. केव्हा जावं, गाडी कुठे लावावी, काय बंद असतं, नेमकं काय चुकतं आणि का, एवढंच नेटकं लिहा, म्हणजे पुढच्याला उपयोग होईल.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवते, कारण इथे पुष्कळ लोक फसतात. नॅशनल पार्कचा वार्षिक पास स्टेट पार्कच्या फाटकावर चालत नाही. प्रत्येक राज्याचा पास वेगळा, आरक्षणाची वेबसाइट वेगळी, नियमही वेगळे.

न्यू जर्सीहून

पेनसिल्व्हेनियाच्या स्टेट पार्कांना प्रवेश फी नाही आणि पार्किंगलाही पैसे पडत नाहीत, मग नंबरप्लेट कुठल्याही राज्याची असो. आपल्याकडच्या लोकांनी याचा फायदा घ्यायलाच हवा.

रिकेट्स ग्लेनमध्ये नावं असलेले २२ धबधबे आहेत. सर्वांत उंच गनोगा, ९४ फूट. पूर्ण फॉल्स ट्रेल ७.२ मैलांचा आहे, पण मुलं बरोबर असतील तर वरचा ३.२ मैलांचा फेरा पुरे. लेक रोझच्या पार्किंगपासून निघून ग्लेन लीच्या बाजूने उतरा. वॉटर्स मीटला दोन ओढे एकत्र येतात, तिथून गनोगा ग्लेन चढा आणि हायलँड ट्रेलने परत या. हीच दिशा धरा, म्हणजे मोठे धबधबे चढताना समोर येतात, मान वळवून पाहावे लागत नाहीत.

अंतर ऐकून लोक गाफील राहतात, घात तिथेच होतो. पायऱ्या नैसर्गिक दगडाच्या, कायम ओल्या आणि बऱ्याच ठिकाणी कठड्याविना आहेत. ऑक्टोबरात त्यावर भिजलेल्या पानांचा थर असतो आणि खालचा दगड दिसतच नाही. झिजलेल्या तळाचे जिमचे बूट इथे चालणार नाहीत. ३.२ मैलांना तीन तास धरा. कडक हिवाळ्यात हा ट्रेल फक्त बर्फावर चढायची साधनं असलेल्यांनाच खुला असतो, बाकीच्यांनी तेव्हा जाऊ नये.

भारतातून आई-बाबा आले असतील आणि गुडघे साथ देत नसतील, तर रूट ११८ च्या पार्किंगला जा. तिथून ॲडम्स फॉल्स अगदी थोड्या पावलांवर आहे.

पिट्सबर्गहून

पेनसिल्व्हेनियाचाच विषय निघालाय तर चेरी स्प्रिंग्ज. तिथे दिवसा पाहण्यासारखं फारसं काही नाही, जायचं ते रात्रीसाठी. पॉटर काउंटीत सुमारे २,३०० फूट उंचीवर, सगळीकडून सस्क्वेहॅनॉक या सरकारी राखीव जंगलाने वेढलेलं हे मोकळं पठार. जवळ मोठं शहर नाही, म्हणून पूर्वेकडच्या राज्यांत इतका काळोख सहसा मिळत नाही.

तारीख ठरवायला घरातली दिनदर्शिका पुरते. अमावास्येच्या आधीचे आणि नंतरचे तीन-चार दिवस उत्तम. पौर्णिमेच्या आसपास गेलात तर आकाश धुतल्यासारखं फिकं दिसेल आणि चार-पाच तासांचं ड्रायव्हिंग वाया जाईल. आकाशगंगेचा ठळक मध्यभाग जून ते सप्टेंबर दक्षिणेकडे दिसतो. निघण्याआधी ढगांचा अंदाज बघा आणि ढग असतील तर सरळ बेत रद्द करा.

दोन जागा आहेत. निरीक्षणाच्या मैदानावर रात्रभर थांबायचं तर नोंदणी करून पैसे भरावे लागतात, तिथे दुर्बिणीवाले असतात. दोन-तीन तासच बघायचं असेल तर रस्त्याच्या पलीकडे लोकांसाठी मोफत जागा आहे. दोन्हीकडे अंधार पडायच्या आत पोहोचा. उशिरा आलेल्या एका गाडीच्या हेडलाइटने पन्नास जणांची नजर जाते, कारण डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाचा एक झोत ते सगळं पुसून टाकतो. म्हणून फक्त लाल टॉर्च. साध्या टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद दोन-तीन पदरी बांधला तरी चालतं. दार उघडल्यावर गाडीतला जो दिवा लागतो, तो आधीच बंद करून ठेवा. डिकीतला दिवा हमखास विसरला जातो. मुलांचे चमकणारे बूट गाडीतच ठेवा.

जुलैतही स्वेटर आणि कानटोपी हवी. मध्यरात्रीनंतर दव इतकं पडतं की खुर्च्या ओल्या होतात आणि कॅमेऱ्याच्या लेन्सवर धुकं धरतं. लेन्सभोवती हात गरम करायची पाकिटं रबर बँडने बांधली की ते टळतं. फोनला रेंज धरू नका, नकाशा आधी उतरवून घ्या आणि पेट्रोल काउडर्सपोर्ट गावातच भरा. परतताना रस्त्यावर हरणं येतात, घाई करू नका.

ऑस्टिनहून

टेक्सासमध्ये सगळे एन्चँटेड रॉकला जातात आणि वीकेंडला फाटकावरून परत येतात. त्याऐवजी दोन तासांवरचं कोलोरॅडो बेंड बघा. तिथला गॉर्मन फॉल्स साधारण ६५ फुटांचा, झऱ्याच्या पाण्यावर चालणारा. पाण्यातला चुना साचत साचत तो कडा तयार झालाय आणि आजही वाढतोय. वर शेवाळ आणि नेच्यांची झालर आहे. हा थर ठिसूळ असतो, पाय पडला की मोडतो. म्हणून तिथे चढायला आणि पाण्यात उतरायला बंदी आहे, आणि ती पाळायलाच हवी. पोहायचं असेल तर स्पाइसवुड स्प्रिंग्ज ट्रेलवरच्या डोहांकडे जा.

धबधब्याची वाट एका बाजूने दीड मैल. तीन मैल म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण वाट खडबडीत चुनखडीची आहे आणि सावली जवळजवळ नाही. शेवटचा उतार तीव्र आहे. हजारो पावलांनी तिथला दगड गुळगुळीत झालाय, म्हणून धरायला आधार लावलेत. दोन्ही हात मोकळे ठेवा, पाण्याची बाटली हातात नको. मे ते सप्टेंबर सकाळी आठच्या आत चालायला लागा. माणशी ताशी अर्धा ते एक लिटर पाणी धरा, आणि नुसतं पाणी नको, लिंबू-मीठ-साखर घातलेलं असू द्या. घाम खूप गेल्यावर केवळ पाणीच पीत राहिलं तर मीठ कमी पडून गरगरतं. दिसत नाही अशा कपारीत हात घालू नका, रॅटलस्नेक असतात.

आता पासबद्दल. टेक्सासचा वार्षिक पास ७० डॉलरचा. एका गाडीत पासधारकाबरोबर आलेल्या सगळ्यांची प्रवेश फी माफ होते, त्यामुळे चार मोठी माणसं असतील तर तो लवकर वसूल होतो. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना तशीही फी नाही. मात्र पास म्हणजे आरक्षण नव्हे! दिवसाचं आरक्षण पासधारकालाही वेगळं करावं लागतं, नाहीतर पार्क भरलं की पास दाखवूनही आत सोडत नाहीत. आणि हिवाळ्यात काही दिवस पार्क फक्त परवानाधारक शिकाऱ्यांना खुलं आणि बाकीच्यांना बंद असतं. थँक्सगिव्हिंग ते जानेवारीच्या बेताआधी पार्कच्या पानावरची सूचना वाचून घ्या.

शिकागोहून

इलिनॉयमधल्या स्टार्व्ह्ड रॉकला पार्किंग मिळालं नाही तर घरी परतू नका, दक्षिणेला लागूनच मॅथिसन आहे. घळी लहान, पण माणसं कमी. एवढंच लक्षात ठेवा की दोन्हीकडचे धबधबे पावसावर आणि वितळणाऱ्या बर्फावर अवलंबून आहेत. एप्रिल-मेमध्ये किंवा मोठ्या पावसानंतर दोन दिवसांत जा. ऑगस्टमध्ये बहुधा ओला डाग दिसेल.

मुलं दहाच्या पुढची असतील तर इंडियानातलं टर्की रन अधिक मजेचं. झुलत्या पुलावरून शुगर क्रीक ओलांडून ट्रेल ३ ला लागायचं. हा पावणेदोन मैलांचा ट्रेल घळीच्या तळातून, पाण्यातूनच जातो आणि मधे लाकडी शिड्या आहेत. बूट भिजणारच, जादा मोजे आणि बूट गाडीत ठेवा. ओढ्याला पाणी वाढलं की ट्रेल बंद करतात. आणि हो, तिथलं घड्याळ शिकागोच्या एक तास पुढे आहे, दिवस तेवढा लहान धरूनच निघा.

अटलांटाहून

जॉर्जियातल्या टलूला गॉर्ज या खोल घळीच्या तळाशी उतरायला दिवसाला १०० च परवाने देतात. त्याच दिवशी सकाळी पार्कच्या केंद्रावर जाऊन घ्यायचे, आणि सुट्टीच्या दिवशी ते लवकर संपतात. सपाता, फ्लिप-फ्लॉप घालून गेलात तर देत नाहीत. पाऊस असेल किंवा वरच्या धरणातून पाणी सोडायचा दिवस असेल तरी देत नाहीत, कारण तळाची वाट म्हणजे नदीतले धोंडेच, आणि ते ओले झाले की पाय ठरत नाही. पाणी सोडायच्या तारखा आधी जाहीर होतात. त्या दिवशी गेलात तर खाली उतरता येणार नाही, पण वरून नदी भरलेली बघायला मिळते. परवाना नसला तरी ८० फूट उंचीचा झुलता पूल सगळ्यांना खुला आहे. पायऱ्या मात्र शेकड्यांनी आहेत, ज्येष्ठांना काठावरच्या वाटेनेच न्या.

सॅन होजेहून

सांता क्रूझ डोंगरातलं कॅसल रॉक. वाळूच्या दगडात वाऱ्या-पाण्याने कोरलेली मधाच्या पोळ्यासारखी भोकं आहेत, मुलं त्यांत रमतात. पाच-सहा मैलांचा फेरा होतो. धबधबा फक्त पावसाळी महिन्यांत. पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन दिवस त्या खडकांवर चढू नका, ओला वाळूचा दगड कमकुवत होतो आणि पकड हातात तुटून येते. फी वाचवायची असेल तर ग्रंथालयात चौकशी करा. कॅलिफोर्नियातली अनेक ग्रंथालयं पुस्तकासारखा पार्किंगचा पास घरी देतात.

पण इथे खरं जपायचं ते पॉयझन ओक या झुडपाला. त्याच्या तेलाने अंगावर पुरळ उठतं. तीन-तीन पानांचा झुबका, मधल्या पानाचा देठ लांब. शरद ऋतूत पानं लालबुंद होतात आणि फोटोसाठी लोक नेमकी तीच तोडतात. हिवाळ्यात पानं झडतात, तरी काड्यांत तेल असतंच. आपला बिब्बा, आंबा, काजू आणि हे झुडूप एकाच कुळातले. आंब्याच्या चिकाने ज्यांच्या ओठाला फोड येतात, त्यांनी जास्तच सांभाळावं.

अंगाला लागल्यावर लगेच कळत नाही, पुरळ एक-दोन दिवसांनी उठतं. त्यामुळे शंका असेल तर घरी येताच साबण लावून, कापडाने घासून, गार पाण्याने धुवा. नुसतं पाणी ओतून तेल निघत नाही. कपडे वेगळे धुवा. बुटाच्या नाड्या, कारची चावी, फोनचं कव्हर आणि कुत्र्याचे केस यांवरचं तेल पुढे कित्येक दिवस लागत राहतं. फोडातल्या पाण्याने मात्र ते पसरत नाही. सरपण म्हणून त्याच्या काड्या जाळू नका, धूर फुफ्फुसात गेला तर थेट हॉस्पिटल.

पुन्हा न्यू जर्सीहून

पूर्वेकडच्यांसाठी गोचिडीचं राहिलं. मे ते जुलै पिल्लं असतात, खसखशीच्या दाण्याएवढी, त्यामुळे ती दिसतच नाहीत. लांब पँट मोज्यात खोचा, कपड्यांवर आदल्या दिवशी पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मारून वाळवा (अंगावर नाही). घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या इलॅस्टिकखाली, कानामागे आणि केसांच्या कडेला बोटं फिरवून बघा. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीला लागून धरून सरळ वर ओढा, पिळू नका. रॉकेल, तेल, पेटती काडी यातलं काहीही नको, त्याने ती पोटातलं सगळं जखमेत सोडते. गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम रोगाचा जंतू अंगात जायला सहसा चोवीस तासांहून जास्त लागतात, म्हणून त्याच संध्याकाळी तपासणं महत्त्वाचं. काढलेली गोचीड चिकटपट्टीत बंद करून त्यावर तारीख घाला. महिनाभरात ताप आला किंवा पसरत जाणारा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरांना ती तारीख लागते.