मदत हवी आहे: ओसीडीची गोळी वाढवल्यावर लेकीचं वागणं पालटलं, आता बायपोलरची शंका

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण तुकड्यातुकड्यांत विचारला तर उत्तरंही तशीच मिळतील, म्हणून सगळं एकदम लिहिते.

माझी लेक १३ वर्षांची आहे. ओसीडीचं निदान होऊन वर्ष उलटून गेलं. तिला सारखे हात धुण्याची सवय नव्हती, त्यामुळे हा मंत्रचळ आहे हे लक्षात यायलाच उशीर लागला. तिचा घोळ वेगळाच. झोपताना ती विचारते, "माझ्यामुळे कुणाला काही होणार नाही ना?" यावर मी "नाही होणार" एवढंच म्हणायचं. "नाही गं" चालत नाही, "काही होत नाही" चालत नाही, आणि म्हणताना माझं लक्ष दुसरीकडे असलं तर पुन्हा पहिल्यापासून. वहीत एखादं अक्षर 'वाईट विचार' डोक्यात असताना लिहिलं गेलं की ते खोडायचं, परत लिहायचं, परत खोडायचं, पार कागद फाटेस्तोवर. याला काही अर्थ नाही हे तिला स्वतःलाच कळतं. कळूनही थांबता येत नाही, त्याचाच तर सगळा त्रास.

आधी थेरपी सुरू केली. ज्याची भीती वाटते ते थोडं थोडं समोर आणायचं आणि नेहमीची कृती करायची नाही, त्या प्रकारची. जोडीला सर्ट्रालिन, नैराश्यावर आणि ओसीडीवर देतात ती गोळी. ओसीडीला नैराश्यापेक्षा बरेचदा जास्त डोस लागतो आणि खरा फरक कळायला ८ ते १२ आठवडे जातात, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून घाई केली नाही. फरक पडलाही. रात्रीचा प्रश्न एकदाच विचारून ती झोपायला लागली. मग सुधारणा एका जागी अडकली आणि डोस वाढवला.

त्यानंतर काही दिवसांतच घरात दुसरीच मुलगी वावरू लागली. मध्यरात्र उलटून गेल्यावर दिवा लावून कपाटं रिकामी करत बसलेली. आवराआवर ती आधीही करायची, पण तेव्हा चेहरा भेदरलेला असायचा. आता गाणी म्हणत, मजेत. झोप जेमतेम तीन-चार तास आणि सकाळी थकव्याचा मागमूस नाही. एका वहीत कादंबरी, दुसरीत स्वतःच्या कंपनीचा आराखडा. एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू. मध्ये कुणी टोकलं की असा भडका उडायचा की धाकटा खोलीतून बाहेर येईना. आणि गंमत म्हणावी की काय, या सगळ्या काळात रात्रीचा तो प्रश्न पूर्ण बंद!

डॉक्टरांनी डोस लगेच खाली आणला. त्यांच्या मते दोन शक्यता आहेत. या गटातल्या गोळ्यांनी काही मुलं सुरुवातीला किंवा डोस वाढल्यावर अस्वस्थ, चिडखोर, उतावीळ होतात आणि डोस कमी केला की निवळतात. दुसरी शक्यता अशी की बायपोलर, म्हणजे मूड कधी उन्मादाकडे तर कधी नैराश्याकडे झुकण्याचा आजार, मुळातच आत होता आणि गोळीने तो वर आणला. तिच्या काकांना बायपोलर आहे, ते बरीच वर्षं लिथियमवर (मूड स्थिर ठेवणारं औषध) आहेत आणि उत्तम नोकरी करतात. पण काकांचं नाव निघालं की तिचे बाबा गप्प होतात. आपल्या भावाची तरुणपणातली वर्षं त्यांनी जवळून पाहिली आहेत, लेकीच्या बाबतीत तो शब्दसुद्धा त्यांना ऐकवत नाही.

सध्या तो जोर बराच उतरलाय. मात्र ओसीडी परत डोकं वर काढतोय, आणि गेले काही दिवस ती दुपारी भिंतीकडे तोंड करून पडून असते. डॉक्टर मूड स्थिर ठेवणारं औषध सुरू करावं म्हणतात. कमी डोसमध्ये ॲरिपिप्राझोल किंवा लिथियम, असे दोन पर्याय समोर ठेवलेत. रक्ताच्या तपासण्या झाल्या की ठरवायचं आहे.

मला विचारायचंय ते असं. दोन्ही निदानं असलेलं मूल ज्यांच्या घरात आहे, त्यांना गोळीचा परिणाम कोणता आणि आजार कोणता, हे कशावरून कळलं? ओसीडीची गोळी कमी ठेवून ओसीडी आटोक्यात राहू शकतो का? आणि मूड असा वरखाली होत असताना रात्रीच्या त्या प्रश्नाचं मी काय करू? उत्तर दिलं तर ओसीडीला खतपाणी, नाही दिलं तर रात्रभर रडणं.

"गोळ्या बंद करा, मोठी झाली की सुटेल" हा सल्ला नातेवाईकांकडून मुबलक मिळालाय. तो सोडून बाकी काहीही सांगा.

प्रतिसाद १

ताई, माझ्या मुलाला दोन्ही आहे. आता तो कॉलेजात शिकतो. गोळीचा परिणाम की आजार, हे आम्हाला एका दिवसात कधीच कळलं नाही, नोंदींवरून कळलं. रोज चारच गोष्टी लिहायच्या: किती वाजता झोपला, किती वाजता उठला, मूड कसा होता, कोणती गोळी किती घेतली. मोठं काही लिहायला गेलात तर आठवड्यात कंटाळाल. सगळ्यात उपयोगी पडली ती झोपेची नोंद. झोप येत नाही म्हणून तळमळणं वेगळं आणि झोपेची गरजच न वाटणं वेगळं. दुसरा प्रकार दिसला की डॉक्टरांना फोन, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही.

डोस उतरवून गोळीचा असर शरीरातून गेल्यावरही उन्मादाची सगळी लक्षणं तशीच राहिली, तर डॉक्टर ते आजाराच्या खात्यात धरतात. सर्ट्रालिन त्यामानाने लवकर उतरतं, त्याच गटातलं फ्लुओक्सेटिन कित्येक आठवडे रेंगाळतं. तुमच्याकडे पहिलं आहे, म्हणजे चित्र लवकर स्पष्ट व्हावं. फक्त ती गोळी स्वतःहून एकदम तोडू नका. चक्कर, मळमळ, चिडचिड सुरू होते आणि सगळं आणखी गढूळ होतं.

लिथियम ठरलं तर एवढं लक्षात ठेवा. रक्तातली पातळी शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी तपासतात, म्हणून त्या सकाळची गोळी रक्त देऊन झाल्यावर. पातळी साधारण ०.६ ते १.२ च्या दरम्यान ठेवतात. मूत्रपिंड आणि थायरॉइड अधूनमधून बघावं लागतं. पाणी भरपूर, मीठ एकदम कमी करायचं नाही. जुलाब-उलट्या झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. अंगदुखीवर आयबुप्रोफेनसारखी गोळी परस्पर द्यायची नाही, त्याने लिथियमची पातळी चढते. हात जोरात थरथरणं, तोल जाणं, बोलणं अडखळणं दिसलं तर तडक दवाखाना.

ॲरिपिप्राझोल सुरू झालं तर पायांकडे लक्ष ठेवा. माझा मुलगा एका जागी बसूच शकत नव्हता, सारख्या येरझाऱ्या. आम्हाला वाटलं उन्माद परत आला. निघाला गोळीचाच दुष्परिणाम, डोस बदलल्यावर गेला. वजन, साखर आणि चरबीची तपासणी सुरू करण्याआधीच करून ठेवा, म्हणजे पुढे तुलना करता येते.

प्रतिसाद २

वेगळं मत मांडतो, राग मानू नका. १३ व्या वर्षी बायपोलरचा शिक्का मारायची घाई नको. मुलांमध्ये हे निदान सरसकट व्हायला लागलं होतं. सतत चिडचिड आणि संतापाचे झटके असणाऱ्या मुलांना उगाच बायपोलर म्हटलं जाऊ नये, म्हणून २०१३ साली डीएसएम-५ मध्ये (मानसिक आजारांच्या निदानासाठी डॉक्टर वापरतात ती अमेरिकी नियमावली) त्यांच्यासाठी वेगळं निदान आणलं. बायपोलरमध्ये नेहमीच्या स्वभावापेक्षा ठळक वेगळा असा कालखंड लागतो: उन्मादासाठी किमान ७ दिवस, सौम्य प्रकारासाठी किमान ४. तुमच्याकडचं वर्णन नुसत्या चिडचिडीपेक्षा जास्त आहे हे कबूल. तरी बालमानसोपचारतज्ज्ञाचं दुसरं मत घ्या, आणि जाताना काकांचा इतिहास लपवू नका. कुठलं औषध चाललं, कितव्या वर्षी सुरुवात झाली, सगळं सांगा. तिच्या बाबांना अवघड जात असेल तर काकांनाच विचारा, त्यांच्याइतकी पक्की माहिती कुणाकडे असणार!

प्रतिसाद ३

मी मुलांसोबत समुपदेशनाचं काम करते. औषधांचं डॉक्टरांवर सोडते, रात्रीच्या प्रश्नाबद्दल लिहिते.

ओसीडी आणि बायपोलर एकत्र असतील तर साधारणपणे आधी मूड स्थिर करतात आणि ओसीडीचा भार शक्य तितका थेरपीवर टाकतात. थेरपी म्हणजे काही दुय्यम पर्याय नव्हे. अमेरिकेत ११२ मुलांवर झालेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात थेरपी आणि सर्ट्रालिन दोन्ही मिळालेल्यांपैकी सुमारे ५४ टक्के मुलांची लक्षणं जवळपास गेली, नुसत्या थेरपीने ३९ टक्के, नुसत्या गोळीने २१ टक्के. उन्माद असलेली मुलं त्या अभ्यासात नव्हती, पण थेरपीच्या बळाचा अंदाज येतो.

मात्र मूड फार वर किंवा फार खाली असताना नवी पायरी चढायची नाही. जिथे आहात तिथे थांबायचं. प्रश्नाचं उत्तर एकदम बंद करू नका. दिवसा, ती शांत असताना, तिच्याशी ठरवा: "रात्री मी एकदाच उत्तर देईन, आणि ते माझ्या शब्दांत असेल." दुसऱ्यांदा विचारलं तर "हा ओसीडीचा प्रश्न आहे, तुला अवघड जातंय हे मला दिसतंय, मी इथेच बसते" एवढंच. वाद घालू नका, समजावत बसू नका. बाबांनीही तेच शब्द वापरायचे, नाहीतर ती तुम्हाला सोडून त्यांच्याकडे विचारायला जाईल.

भिंतीकडे तोंड करून पडून राहण्याबद्दल मात्र थोडं स्पष्ट बोलते. या गटातल्या गोळ्यांवर अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था) २००४ साली ठळक इशारा छापायला लावला. चाचण्यांमध्ये आत्महत्येचे विचार किंवा तसं वागणं गोळी घेणाऱ्या सुमारे ४ टक्के मुलांत दिसलं, बिनऔषधी गोळी घेणाऱ्या २ टक्क्यांत. त्या चाचण्यांत कुणाचा मृत्यू झाला नव्हता. घाबरून गोळी तोडण्यासाठी हे सांगत नाही, डोस बदलल्यानंतरच्या आठवड्यांत डोळ्यांत तेल घालून बघण्यासाठी सांगते. तिला सरळ विचारा, "मरून जावं असं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. घरातली सगळी औषधं कुलपात ठेवा, काकांचं लिथियमही. उत्तर "हो" आलं तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. आज तिला सरळ विचारलं. "मरावंसं नाही वाटत, पण कशातच मजा नाही" म्हणाली. डॉक्टरांना फोन करून हे कळवलं, त्यांनी उद्याच बोलावलंय. झोपेची नोंद आजपासून सुरू केली. मागच्या तारखा शाळेच्या डायरीवरून आणि फोनमधल्या मेसेजवरून जुळवतेय. दुसरं मतही घेणार आहोत. काकांना मी फोन केला. ते स्वतःहून म्हणाले, "मी येतो डॉक्टरांकडे." तिच्या बाबांनी त्यावर हो-नाही काही म्हटलं नाही, पण गाडीच्या किल्ल्या उद्यासाठी काढून ठेवल्यात.

आता शाळेचं. परीक्षेत तिला जास्तीचा वेळ मागायचाय, कारण खोडाखोडीत पेपर अर्धा राहतो. त्या पत्रात फक्त ओसीडी लिहावं की मूडच्या औषधांचाही उल्लेख करावा? शिकवताना तिला गुंगी आली तर शिक्षकांना काहीतरी माहीत असायला हवं, पण वर्गभर बोभाटाही नको. कुणी असं पत्र दिलं असेल तर त्यात काय लिहिलं होतं ते सांगाल का?